सोबत जोडला आहे

नंदुरबारात डिसेंबरला पत्ता विचारू नये.
मिरचीच्या पथारीपासून कितव्या शिंकेवर घर,
एवढं सांगितलं की पुरतं.
आमचं सातव्या.

लॅपटॉप मामेभावाचा. ‘एल’चं बटण उडालेलं,
खालच्या रबरावर नख टेकवावं लागतं.
‘युअर्स फेथफुली’ला तर दोनदा.

पहिली अडचण पत्त्याचीच.
दहावीत काढलेला ईमेल : स्वीट प्रिन्सेस, पुढे जन्मसाल.
त्या नावानं औषध कंपनीला कसं लिहू
की मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. आहे?
नवा काढला. दीपमाला, टिंब, बागुल.
ते मधलं टिंब बघत राहिले,
टिकली लावून पाहुण्यांसमोर बसवल्यासारखं.

आई शेजारी देठ खुडत होती, किलोवर मजुरी.
बोटं तेलात बुडवून घेते, तरी जळतात.
‘काय लिखी ऱ्हायनी इतलं?’
‘काम मागतेय.’
‘मंग लिख ना, माले काम जोयजे.’

तीन शब्द.
माझ्या मसुद्यात त्यासाठी एकशे चाळीस :
आपल्या नामांकित संस्थेत
(जिचं नाव मी परवा पहिल्यांदा ऐकलं)
योगदान देण्याची तीव्र इच्छा,
ध्येयनिष्ठ, दबावाखाली काम करण्यास समर्थ.
दबावाचं खरं आहे. पोतं माझ्याच पाठीला टेकलेलं होतं.

मग मीही खुडायला बसले.
‘नामांकित’ गेलं. ‘तीव्र’ गेलं.
एक वर्ष मात्र निघेना.

बायोडेटात ते रिकामं दिसतं.
आप्पांची पाठ धरली, ते मापाडी,
तर त्यांच्या जागी बाजार समितीत मी उभी राहिले,
दिवसाला दोनशे पोत्यांची मापं लिहिली,
एकाही व्यापाऱ्यानं वही परत आणली नाही.
याला इंग्रजीत काय म्हणतात?
‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहिलं.
खोडलं.
परत तेच लिहिलं.

रात्री अकरा वीसला पाठवलं, पाच ठिकाणी.
‘सोबत बायोडेटा जोडला आहे.’
पाण्याचा तांब्या तोंडाला लावला
आणि घोट तिथंच थांबला :
जोडलाच नाही.

दुसरं पत्र चार ओळींत झालं.
मघाशी कागद जोडायचा राहिला, क्षमस्व.
आता जोडला आहे.
मधल्या वर्षी मी मिरचीची मापं लिहीत होते.
दीपमाला बागुल.
फेथफुली नाही लिहिलं. नख दुखत होतं.

नंतर बँक आली, क्लासवाले आले,
चपलांवर चाळीस टक्के सूट आली,
आणि दोन कंपन्यांची एकाच वाक्याची पत्रं :
कृपया या पत्त्यावर उत्तर देऊ नये.
आप्पा संध्याकाळी विचारायचे,
‘भाव निंघना का?’
मी म्हणायचे, ‘अजून बोलीच नाही.’

एकोणिसाव्या दिवशी अंकलेश्वरहून दोन ओळी.
खाली माणसाचं नाव, जिग्ना टेलर.
नोकरीबद्दल काही नाही. विचारलं होतं,
मिरचीची मापं म्हणजे
तुम्ही नेमकं काय करत होता?

आई म्हणाली, ‘काय म्हने?’
मी वाचून दाखवलं.
तिचा हात देठावर तसाच राहिला.
‘इतलंबी माहीत नई तिले?’

विषयाचा रकाना कोरा ठेवला.
मसुदा उघडला नाही.
‘मॅडम,’ लिहिलं, आणि त्याखाली :
पोतं आधी काट्यावर चढवत नाहीत.
आत हात घालून मूठभर मिरची काढतात,
मुठीत दाबतात, कानाजवळ नेतात.
वाजली, तर वाळलेली.
न वाजता दबली, तर ओली,
आणि ओली असली की वजन खोटं बोलतं.